हरवलं तरी चालेल असं खेळणं

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत पोराला घेऊन नागपूरला साळ्याकडे गेलो होतो. पोरगा पाचवीत आहे. साळा मिहानमधल्या एका कंपनीत कामाला, पगार चांगला आणि मनाने त्याहून मोकळा माणूस, हे आधीच सांगतो कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात त्याचा काहीच दोष नाही. त्याच्या हॉलमध्ये काचेचं शोकेस आहे आणि मधल्या खणात लेगोचा, म्हणजे एकमेकांत बसणारे प्लॅस्टिकचे ठोकळे बनवणाऱ्या कंपनीचा, जुन्या व्हिडिओ गेमचा सेट ठेवलेला आहे. जपानच्या निन्टेन्डो या गेम कंपनीचं करड्या रंगाचं मशीन, वायरवाला कंट्रोलर, आत घालायची कॅसेट आणि बाजूला जुना डब्यासारखा टीव्ही, सगळं ठोकळ्यांचं. टीव्हीच्या बाजूला हँडल आहे, ते फिरवलं की पडदा सरकतो आणि गेमचा हिरो, छोटा मारिओ, वरखाली होत पुढे जातो.

पोरगा काचेला नाक लावून उभा राहिला. मामाने सेट काढून टेबलावर ठेवला, हँडल स्वतः फिरवून दाखवलं, मग पोराला फिरवू दिलं, एकदाच. पोराने कंट्रोलर उचलायला हात नेला तर मामा पटकन म्हणाला, "नको बेटा, एखादा पीस पडून हरवला तर मिळत नाही रे तो." आणि सेट परत काचेत. नंतर समोसे आले, चहा झाला, गप्पा झाल्या, पण पोराची नजर तिकडेच. येताना एसटीत वर्धा येईपर्यंत एक शब्द बोलला नाही. मग म्हणाला, "बाबा, मामाचं ते खेळनं हाये का शोपीस?"

तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. नंतर बरेच दिवस तो प्रश्न डोक्यात फिरत राहिला, म्हणून हे लिहून राहिलो.

तो सेट ऑगस्ट 2020 मध्ये निघाला. 2646 पीस, अमेरिकेत किंमत 230 डॉलर, डब्यावर वय लिहिलेलं 18 च्या वर. पोराने घरी आल्यावर मोबाईलवर हिशेब केला, डॉलर 88 रुपयाने धरला तर वीस हजाराच्या वर गेला आकडा. "मंग किती कापूस झाला बाबा?" त्याला पैसे कापसातच समजतात, आमच्या घरात सगळं कापसातच मोजलं जाते, शाळेची फी असो की लग्नाचा आहेर. 2025-26 च्या हंगामात मध्यम धाग्याचा हमीभाव होता 7,710 रुपये क्विंटल, म्हणजे अडीच क्विंटलच्या वर कापूस, तोही हमीभावाने गेला तर. ओलावा 12 टक्क्याच्या वर निघाला की खरेदी केंद्रावरून गाडी परत येते आणि मग व्यापारी म्हणेल तो भाव. आणि हा तर मधला सेट झाला. मारिओचा शत्रू बाउझर, त्याचा 2022 चा सेट 270 डॉलरचा, झेल्डा गेममधलं देकू झाड 2024 मध्ये आलं ते 300 डॉलरचं, आणि 2026 च्या फेब्रुवारीत पोकेमॉनचे तीन जनावरं मिळून 6838 पीसचा सेट आला तो 650 डॉलरचा. हा शेवटचा सरळ रुपयात केला तर सत्तावन्न हजार, आमच्या कोरडवाहू दीड एकराचा कापूस, बियाणं-खत-फवारणी-वेचणी काही वजा न करता.

आता कोणी म्हणेल की तुम्हाला घ्यायला कोणी सांगितलं, ज्याला परवडते तो घेईल, सोनं महाग आहे म्हणून कोणी लेख लिहिते का. मी हे म्हणणं हलकं समजत नाही. मोठ्या माणसाने स्वतःच्या कमाईतून लहानपणची आठवण विकत घेतली तर त्यात वाईट काही नाही, माझा साळा वर्षभर राबते, त्याने एक वस्तू हौसेने घेतली. पण सोन्याची गोष्ट वेगळी आणि ठोकळ्याची वेगळी. ठोकळा महाग झाला की तो ठोकळाच राहत नाही. खेळण्याचा स्वभावच असा की ते पडते, तुटते, वाळूत जाते, शेजारच्या पोट्ट्यासोबत अदलाबदल होते, अर्धं हरवते आणि उरलेल्या अर्ध्यातून काही वेगळंच तयार होते. ज्या वस्तूचा एक पीस हरवायची भीती वाटते त्या वस्तूसोबत लेकरू खेळूच शकत नाही, ते फक्त तिला सांभाळू शकते. माझं म्हणणं एवढंच आहे, खेळणं हरवण्याइतकं स्वस्त असलं पाहिजे. किंमत या रेषेच्या वर गेली की वस्तू कितीही सुंदर असो, ती काचेतच जाणार, आणि काचेत जे आहे ते मोठ्यांचं आहे, लेकरांचं नाही.

हे पैसे जातात कुठे ते समजून घ्यायला थोडं वाचलं. लेगोचाच साध्या ठोकळ्यांचा मोठा डबा येतो, कुठल्याच गेमचं किंवा सिनेमाचं नाव नसलेला, त्यात 790 पीस, अमेरिकेत 60 डॉलरच्या आसपास. 2025 मध्ये त्यांनी निन्टेन्डोचा गेमबॉय काढला, तोही 60 डॉलरचा, पीस 421. कंपनी तीच, प्लॅस्टिक तेच, पैसे तेच, पीस जवळपास अर्धे. कारण गेमच्या सेटमध्ये ठोकळ्यासोबत नाव विकलं जाते, त्या नावाची रॉयल्टी गेम कंपनीला जाते, कॅरेक्टर कसं दिसावं त्याची मंजुरी घ्यावी लागते. लेगोने असं बाहेरचं नाव पहिल्यांदा 1999 मध्ये स्टार वॉर्सचं घेतलं, त्याआधीची पासष्टच्या वर वर्षं ती कंपनी आपल्याच नावावर चालत होती. आता नावांचाच बाजार झाला. माइनक्राफ्ट हा ठोकळ्यांचा मोबाईल-कॉम्प्युटर गेम बनवणारी कंपनी मायक्रोसॉफ्टने 2014 मध्ये अडीच अब्ज डॉलरला विकत घेतली, एवढे पैसे ज्या नावात गेले ते नाव ठोकळ्याच्या डब्यावर फुकट कसं येणार.

पण हिशेब प्रामाणिक करायचा तर दुसरी बाजूही सांगतो. प्रत्येक गेमचा सेट पीसमागे महाग नसतो. मारिओ कार्टचा 2025 चा सेट 1972 पीसला 170 डॉलर, म्हणजे पीसमागे साडेआठ सेंट, साध्या डब्याच्या साडेसातच्या फार वर नाही. तिथे महाग आहे तो डब्याचा आकार. पोराला जी गोष्ट हवी असते ती दोन हजार पीसच्या डब्यातच येते, शंभर पीसमध्ये येत नाही, आणि लहान डबे आहेत त्यात नाव मोठं अन् आत मूठभर पीस. शिवाय यातले बरेच सेट काही वर्षांत बंद होतात आणि मग जुन्या बाजारात बरेचदा जास्त भावाने फिरतात, म्हणून माणूस घाईने घेते आणि घेतलेलं उघडत नाही. न उघडलेला डबा जास्त भावाने जाते म्हणून त्याला कपाटात ठेवणारे लोक आहेत! लेकराच्या वस्तूचं असं तुरीसारखं झालं, भाव वाढेल म्हणून गोदामात भरून ठेवा.

लेगोचा ठोकळा स्वतः चांगला आहे यात मला शंका नाही, आणि हे ऐकीव सांगत नाही. साळ्याने निघताना पोराच्या हातात त्याच्या मुलीच्या जुन्या डब्यातले साधे ठोकळे दिले, एक कपभर भरतील एवढे. त्यातले दोन एकमेकांत दाबले की बारीक "टक्" आवाज येते आणि सुटायला नेमका तेवढाच जोर लागते जेवढा लेकराच्या बोटात असते. 1958 मध्ये पेटंट घेतलेला ठोकळा आजच्या ठोकळ्यात बसते, साच्याचं माप मिलीमीटरच्या शंभराव्या भागाइतकं काटेकोर ठेवतात म्हणून. या कामाचे पैसे घ्यावेत, जरूर घ्यावेत.

मग मी यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या कळंबच्या बाजारातून दीडशे रुपयाची ब्लॉकची थैली आणली. रंग छान होते. घरी उघडली तर प्लॅस्टिकचा उग्र वास, कडांना साच्याची धार तशीच राहिलेली, पोराच्या अंगठ्याला लागली. पहिल्या दिवशी इतके घट्ट की दाताने सोडवावे लागले, आणि आठवड्याने इतके ढिले की चार मजले चढवले की वरचे दोन खाली. पोराने मधात वहीच्या कागदाचे तुकडे घालून घालून ते बसवायचा प्रयत्न केला, संध्याकाळभर बसून. शेवटी ते सगळे एका बाजूला सारले आणि मामाने दिलेल्या कपभर ठोकळ्यांची बैलगाडी बनवली, चाकं नव्हती तर औषधाच्या बाटलीची दोन झाकणं लावली. थैलीवर आयएसआयचा शिक्का नव्हता हे माझ्या नंतर लक्षात आलं, ती चूक माझी.

म्हणजे आमच्यासमोर दोनच वस्तू आहेत. एक काचेत ठेवायची आणि दुसरी उकिरड्यावर टाकायची. मधली वस्तू, चांगली पण साधी, ती तालुक्याच्या बाजारात कुठेच नाही.

काऊन नाही, हा खरा सार्वजनिक प्रश्न आहे, कारण हे असंच घडलेलं नाही, यामागे धोरण आहे. खेळण्यांवरचा आयात कर 2020 च्या बजेटमध्ये 20 टक्क्यांवरून 60 टक्के केला, 2023 मध्ये 70 टक्के. 1 जानेवारी 2021 पासून देशात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा झाला. कारण सांगितलं गेलं की चीनचा घातक माल थांबेल आणि आपले खेळणी बनवणारे उभे राहतील. मार्कचा नियम मला पूर्ण पटते, लेकरू जे तोंडात घालते त्याच्या रंगात काय आहे हे तपासलंच पाहिजे. कराचं कारणही पटण्यासारखं आहे. पण कर लावला की काम संपलं असं होते का? भिंत बांधली, ठीक, पण भिंतीच्या आत पेरणी कोण करणार? पाच-सहा वर्षं झाली, आमच्या तालुक्याच्या कोणत्या दुकानात भारतात बनलेला, मार्क असलेला, टक् करून बसणारा ठोकळा मिळते ते मला दाखवा, मी उद्या जाऊन आणतो. सप्टेंबर 2025 मध्ये इलेक्ट्रॉनिक नसलेल्या खेळण्यांचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला, ते चांगलंच झालं, पण जी वस्तू दुकानातच नाही तिचा जीएसटी कमी होऊन आम्हाला काय फायदा.

आणि एक गोष्ट मनाला लागते ती बोलतोच. ज्या वर्षी खेळण्याच्या डब्यावर 70 टक्के कराची भिंत उभी होती त्याच वर्षी, 19 ऑगस्ट 2025 पासून, बाहेरून येणाऱ्या कापसावरचा 11 टक्के कर सरकारने शून्य केला. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग वाढवून 31 डिसेंबरपर्यंत, म्हणजे आमच्या वेचणीचा बराचसा हंगाम. कापड गिरण्यांना स्वस्त रुई पाहिजे म्हणून शेतकऱ्याची भिंत पाडली, आणि खेळण्याची भिंत ठेवली पण तिच्या आत काही उभं केलं नाही. दोन्हीकडून मार एकाच घराला बसला. बाप विकते ते स्वस्त, पोरगा मागते ते महाग. मी असं म्हणत नाही की दोन्ही निर्णय कोणी एका टेबलावर बसून केले, पण आमच्या ओसरीत ते एकत्रच येऊन बसतात.

मी लहान असताना, नव्वदच्या दशकात, कळंबला बस स्टँडच्या मागे एका खोलीत दोन टीव्ही ठेवले होते आणि अर्ध्या तासाचे दोन रुपये घ्यायचे. तिथेच मारिओ पहिल्यांदा पाहिला. आम्ही चार पोट्टे पन्नास-पन्नास पैसे टाकून बसायचो, एकजण खेळणार आणि तिघं ओरडणार, "उडी मार बे, उडी मार!" पिवळी कॅसेट फुंकर मारून मशीनमध्ये घालायची. ते मशीन निन्टेन्डोचं नव्हतं, नक्कल होती, हे मला आत्ता आत्ता कळलं. 1985 मध्ये जपानमध्ये बनलेला तो गेम आमच्यापर्यंत त्याच्या मालकाने आणलाच नाही, नकलेने आणला. नकलेचं मी समर्थन करत नाही, दुसऱ्याची मेहनत चोरणं चूकच, आणि आज ऑनलाइन नकली सेट अर्ध्या भावात मिळतात तेही मी घेत नाही, पोरालाही घेऊ देत नाही. पण एवढं खरं की जगात जिथे जिथे गरीब गावं आहेत तिथल्या लाखो पोरांनी मारिओवर जीव लावला तो दोन रुपयात. त्या जीव लावण्यातूनच हे नाव इतकं मोठं झालं, आणि आज त्याच नावाची किंमत अशी आहे की ज्यांनी ते ओरडून ओरडून मोठं केलं त्यांच्या पोरांना ते काचेतून पाहावं लागते. कंपन्यांना माझं मागणं फुकट देण्याचं नाही. त्यांनी नाव महागच विकावं. फक्त त्यांना माहीत असावं की इकडेही त्यांचं कोणीतरी आहे, आणि त्याच्या खिशात बसेल असा एक तरी डबा काढावा, वीस-पंचवीस पीसचा, आत पुस्तकातली एकच गोष्ट बनवायचं बंधन नसलेला. लेगोची 2024 ची विक्री 74.3 अब्ज डॅनिश क्रोनर झाली, तोपर्यंतच्या त्यांच्या इतिहासातली सर्वात जास्त. आशियात त्यांचे कारखाने चीनमध्ये जियाशिंगला आहेत आणि 2025 मध्ये व्हिएतनाममध्ये सुरू झाला. भारतात एक उभा राहिला तर 70 टक्क्याचा प्रश्नच मिटते, नागपूरजवळ बुटीबोरीला जागा पडून आहे, पोरं कामाला तयार आहेत.

पण लेगो येईल तेव्हा येईल, तोवर हातावर हात धरून बसायचं कारण नाही. कारण ठोकळ्याचा आकार आता कोणाच्या मालकीचा नाही. पेटंट केव्हाच संपलं. कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाने 2005 मध्ये आणि युरोपच्या कोर्टाने 2010 मध्ये सांगितलं की या आकारावर ट्रेडमार्कचा हक्क सांगता येत नाही, कारण तो आकार कामाचा आहे, सजावटीचा नाही. म्हणजे मारिओ गेम कंपनीचा, पोकेमॉनमधला पिकाचूही गेम कंपनीचा, पण दोन बाय चारचा, म्हणजे वर चार-चार उंचवट्यांच्या दोन ओळी असलेला, साधा ठोकळा सगळ्यांचा. तो चांगला बनवायला साचा चांगला लागते, प्लॅस्टिक चांगलं लागते, आणि कोणीतरी मोठी ऑर्डर देणारा लागते. ऑर्डर कोण देऊ शकते? या राज्यात ज्याच्याकडे सगळ्यात जास्त लहान लेकरं रोज येतात तो, म्हणजे सरकार, आपल्या अंगणवाड्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळा.

इथे घरचीच गोष्ट सांगतो. माझी बायको अंगणवाडी सेविका आहे. काही वर्षांमागे तिच्या अंगणवाडीला खेळण्यांची पेटी मिळाली होती, त्यात ब्लॉकही होते, बरे होते. पहिल्या महिन्यात लेकरांनी दणादण खेळून घेतलं, दोन-चार ब्लॉक खिशातून घरी गेले, काही नालीत. मग तपासणीला कोणी आलं आणि रजिस्टरप्रमाणे पीस मोजले, कमी भरले, विचारलं की कमी कसे, भरून कोण देणार. त्या दिवसापासून पेटी लोखंडी कपाटात आणि किल्ली हिच्या पर्सात. पाहुणे आले की पेटी निघते, फोटो होते, पेटी परत जाते. मी एकदा रागावलो तर ती म्हणाली, "तुमचं बोलनं सोपं हाये, सही माही असते त्या रजिस्टरवर." तिचं बरोबर होतं. ज्या बाईला मानधनावर घर चालवायचं आहे तिला हरवलेल्या ठोकळ्याचा जाब विचारला तर ती कुलूपच लावणार. साळ्याच्या शोकेसची काच आणि अंगणवाडीचं कुलूप मला तेव्हा एकसारखं दिसलं. तिथे वस्तू फार महाग म्हणून बंद, इथे वस्तू फार मोजलेली म्हणून बंद. लेकरू दोन्हीकडे बाहेरच.

आणि लागतात तरी किती ठोकळे? दक्षिण आफ्रिकेत सहा ठोकळ्यांचा प्रयोग चालते, प्रत्येक लेकराच्या टेबलावर दोन बाय चारचे सहा रंगाचे सहा ठोकळे, बास, दिवसातून थोडा वेळ त्याच्याशी खेळायचं, मोजायचं, रंग ओळखायचे, गोष्ट सांगायची. लेगोच्याच फाउंडेशनचा त्याला हात आहे, तेवढं त्यांचं चांगलं म्हणावंच लागेल. सहा म्हणजे कमी वाटतात ना? एकाच रंगाचे असे सहा ठोकळे एकमेकांना जोडायचे प्रकार किती होतात तर 91,51,03,765. आधी कंपनी दहा कोटीच्या वर सांगायची, मग डेन्मार्कच्या सोरेन आयलर्स या गणिताच्या प्राध्यापकाने कॉम्प्युटरवर मोजून हा आकडा काढला. पोराला हे सांगितलं तर त्याने मामाच्या ठोकळ्यातून सहा वेगळे काढले आणि वहीत एक एक प्रकार काढायला बसला. चाळीस झाले तेव्हा लाइट गेली.

हाताने जोडून शिकण्याची गोष्ट आम्हाला नवीन नाही. सेवाग्राम आमच्यापासून दीड-दोन तासावर, 1937 मध्ये वर्ध्याच्या परिषदेतच नयी तालीमचा विचार मांडला गेला की लेकरू हाताने काम करत करत शिकते. टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांनी 1978 मध्ये मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान कार्यक्रमात सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि आगपेटीच्या काड्या जोडून त्रिकोण, घन, घरं बनवायला शिकवलं, खर्च काही पैशांचा, आणि काडी मोडली तर दुसरी. तिथे हरवण्याची भीतीच नव्हती. आता 2020 च्या शैक्षणिक धोरणातही खेळण्यातून शिकायचं लिहिलं आहे, 2023 मध्ये जादुई पिटारा म्हणून लहान वर्गांसाठी पेटी काढली. कागदावर सगळं आहे. मला फक्त ती ओळ कुठे दिसत नाही जिथे लिहिलं असेल की यातलं इतकं हरवेल आणि त्याबद्दल कोणी बाईला विचारणार नाही.

तान्हा पोळा ज्याने पाहिला त्याला माझं म्हणणं लवकर समजेल. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोट्टे आपापले लाकडी बैल सजवून तोरणाखाली आणतात. कोणाचा बैल सुताराकडून खास घडवलेला, दोन माणसं लागतात ओढायला, वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वेला तर माणसाच्या उंचीचे नंदी निघतात, त्यांची किंमत विचारायची सोय नाही. आणि कोणाचा बैल वीतभर, आजोबाने बाभळीच्या लाकडाचा तासलेला, एक शिंग मागच्या वर्षी तुटलेलं, त्या जागी खिळा. दोघंही एकाच ओळीत उभे राहतात. दोघांच्याही गळ्यात माळ, दोघांनाही कुंकू, आणि घरोघरी गेल्यावर दोघांच्याही हातावर बोजारा, म्हणजे खाऊचे पैसे, पडते. मोठ्या नंदीमुळे लहान बैलाची किंमत कमी होत नाही कारण लहान बैल प्रत्येक घरी आहे. माझी मोठ्या नंदीबद्दल तक्रार नाही. ठोकळ्यांच्या खेळात फक्त मोठे नंदी आहेत आणि वीतभर बैल कोणी बनवतच नाही, ही तक्रार आहे.

आणि कोणी म्हणते खेड्यातल्या पोरांना काय करायचे ठोकळे, मातीत खेळतात ना, त्यांना मी एकच सांगतो, या एकदा संध्याकाळी आमच्या पारावर. माती आहे, पोरं आहेत, पण प्रत्येकाची मान मोबाईलमध्ये. माझा पोरगा माइनक्राफ्ट आईच्या मोबाईलवर खेळते, चौकोनी ठोकळे लावून लावून घरं बनवते, त्यात आमचं घर बनवलं, गोठा बनवला, विहीर बनवली. हात ठोकळा मागून राहिला आहे आणि त्याला काचेवर बोट घासावं लागते. महिन्याच्या रिचार्जला आपण दोन-तीनशे रुपये देतो तेव्हा कोणी म्हणत नाही की आधी पोटाचं पाहा.

ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातला दहा टक्के निधी महिला आणि बालकल्याणासाठी असते. दरवर्षी त्यातून सतरंज्या येतात, खुर्च्या येतात, कधी शिलाई मशीन. मी येत्या ग्रामसभेला अर्ज देणार आहे की यंदा त्यातून साधे ठोकळे घ्या, मार्क असलेले, कोणत्याही नावाशिवायचे, आणि ठरावात स्पष्ट लिहा की ते डेडस्टॉक रजिस्टरला चढवायचे नाहीत, खडूसारखे वापरून संपणाऱ्या वस्तूत धरायचे. अंगणवाडीत बत्तीस लेकरं आहेत, सहा प्रमाणे 192 होतात. कालच अर्ज लिहिला, बायकोने शुद्धलेखन पाहिलं, मग पोराने वाचला. म्हणाला, "बाबा, हरवतीन त्याईचे कुठी लिहिले?"

खाली जागा होती. तिथे लिहिलं, हरवतील म्हणून जास्तीचे 100.